वारा मध्य सरकवतो तेव्हा

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा पृथ्वीच्या गोलावर काढली, तर ती लोणारच्या उत्तरेला तीस-पस्तीस किलोमीटरवरून, मेहकरच्याही पलीकडून जाते. विमानांचे प्रत्यक्ष मार्ग ठरवून दिलेल्या बिंदूंवरून जातात, त्यामुळे ते या रेषेपासून थोडे इकडेतिकडे होतात. तरी हवा स्वच्छ असेल, तर नागपूरकडे निघालेल्या विमानाच्या उजव्या खिडकीतून दख्खनच्या काळ्या खडकातलं ते 1.8 किलोमीटर व्यासाचं वर्तुळ ओळखता यावं. अवकाशातून आलेल्या एका दगडानं बसाल्टमध्ये केलेलं हे विवर पाहायला जगभरातून अभ्यासक येतात. मला आज लिहायचं आहे ते त्याच्या वरच्या हवेबद्दल. ही हवा एका अवघड परीक्षेचा विषय आहे, आणि त्या परीक्षेत काय विचारतात हे एकदा कळलं, की डोक्यावरचं आभाळ पहिल्यासारखं साधं राहत नाही.

परीक्षा आहे एटीपीएलची, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्सची. प्रवासी विमानाच्या डाव्या खुर्चीत कॅप्टन म्हणून बसायचं, तर हा परवाना हवाच. 18 वर्षं पूर्ण आणि 200 तासांचं उड्डाण झालं की कमर्शियल परवाना मिळू शकतो आणि त्यावर सहवैमानिक म्हणून उजव्या खुर्चीत बसता येतं. डाव्या खुर्चीसाठी वय किमान 21 आणि उड्डाणाचे 1,500 तास लागतात. शिवाय डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लेखी परीक्षा: एअर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, रेडिओ एड्स अँड इन्स्ट्रुमेंट्स. प्रत्येक पेपरात 70 टक्के मिळाले तरच पास. युरोपात याच परवान्यासाठी तेरा पेपर असतात आणि तिथली रेषा 75 टक्क्यांवर आहे. 1985 साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फॉकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं, तेव्हा कॉकपिटमध्ये दोन्ही खुर्च्यांवर स्त्रिया होत्या आणि डाव्या खुर्चीत मराठी बाई होती. त्या खुर्चीपर्यंतची वाट याच गणितांमधून जाते.

गणितं कसली, ते एका उदाहरणातून पाहू. नेव्हिगेशनच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न आहे क्रिटिकल पॉइंटचा. वाटेत काही बिघाड झाला, तर मागं फिरायचं की पुढं जायचं? ज्या जागेवरून दोन्हीला सारखाच वेळ लागेल, ती जागा शोधायची. मुंबई ते नागपूर अंतर धरू सुमारे 370 नॉटिकल मैल. (एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, आणि तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट.) वारा अजिबात नसेल तर उत्तर सोपं आहे, बरोबर निम्म्यात, 185 मैलांवर. नकाशात ही जागा जालना आणि सिंदखेड राजा यांच्या दरम्यान, जरा उत्तरेला पडते.

पण वारा नाही असं वर कधी होतच नाही. विमानाचा हवेतला वेग 450 नॉट धरा. जानेवारीत 35,000 फुटांवर या भागात पश्चिमेकडून जोरदार वारा असतो, तो 60 नॉट धरू. नागपूरकडे जाताना तो पाठीशी, म्हणून जमिनीवरचा वेग 510. मुंबईकडे परतायचं तर तोच वारा समोरून, वेग 390. मागं जायला लागणारा वेळ आणि पुढं जायला लागणारा वेळ सारखा ठेवला, की उत्तर येतं ते असं: एकूण अंतर गुणिले परतीचा वेग, भागिले दोन्ही वेगांची बेरीज. 370 गुणिले 390 भागिले 900. उत्तर 160 मैल. निम्मं अंतर यायच्या आधीच मध्य आला! छत्रपती संभाजीनगर ओलांडून जेमतेम पुढं गेलात, की वेळेच्या हिशेबानं नागपूर जवळ आणि मुंबई लांब.

आता जुलै घ्या. आपल्याला वाटतं, पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे तेव्हाही तो पाठीशीच असणार. खाली तो तसाच असतो. पण 35,000 फुटांवर तोवर सगळं उलटलेलं असतं. उन्हाळ्यात तिबेटचं पठार तापतं, त्याच्यावर उंच हवेत दाबाचा मोठा फुगवटा तयार होतो आणि त्याच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्या डोक्यावर, वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागतो. आणखी वर आणि आणखी दक्षिणेला या वाऱ्याचा एक वेगवान पट्टा असतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात त्याचा अभ्यास जगापुढं मांडला आणि आज जगभरची पुस्तकं त्याला ट्रॉपिकल ईस्टर्ली जेट म्हणतात. लोणारच्या शेतात नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर सोयाबीन डोलत असतं, आणि त्याच वेळी अकरा किलोमीटरवर ढग जवळजवळ उलट दिशेला चाललेले असतात. हे ऐकून माहीत होतं. आकडे घालून पाहिलं तेव्हा मी खरोखर थक्क झालो. समोरून 40 नॉट वारा धरला, तर जाण्याचा वेग 410 आणि परतीचा 490. 370 गुणिले 490 भागिले 900, म्हणजे 201 मैल. मुंबईपासून लोणार आहे सुमारे 213 मैल. जुलैत हा मध्य लोणारच्या उंबरठ्यावर येऊन थांबतो.

म्हणजे मुंबई-नागपूर प्रवासाचा खरा मध्य जानेवारीत छत्रपती संभाजीनगरजवळ असतो आणि पावसाळ्यात लोणारजवळ येतो. पंचाहत्तर किलोमीटरची ही वारी तो दर वर्षी करतो, आणि खाली कुणाला त्याचा पत्ता नसतो. प्रत्यक्षात मध्ये छत्रपती संभाजीनगरची धावपट्टी आहे, त्यामुळे या मार्गावरचा वैमानिक आणखीही पर्याय पाहील. पण मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जायचं, तर मधे लांबवर धावपट्टी नाही. तिथं हेच गणित उड्डाणाच्या आधी करून ठेवावं लागतं.

मुंबई-नागपूर मार्गाला एक जुना इतिहासही आहे आणि तो मला फार आवडतो. 1949 साली भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परतायची. ही सेवा 1970 च्या दशकापर्यंत चालली. मुंबईच्या माणसाचं कोलकात्याला जाणारं पत्र बुलढाण्याच्या आभाळातून अंधारात जात होतं. पंख्याची डकोटा विमानं तेव्हा या कामी होती. डकोटाचा वेग 160 नॉट धरा. ते उडायचं आठ-दहा हजार फुटांवर, आणि तिथं जुलैत वारा पश्चिमेचाच. तो 20 नॉट धरला, तर जाताना 180, येताना 140. 370 गुणिले 140 भागिले 320, म्हणजे 162 मैल. त्याच महिन्यात, त्याच मार्गावर आजच्या जेट विमानाचा मध्य लोणारजवळ, आणि डकोटाचा छत्रपती संभाजीनगरजवळ! मुख्य फरक उंचीचा. शिवाय विमान जितकं हळू, तितका वारा त्याला जास्त ढकलतो. 40 नॉटच्या वाऱ्यानं जेटचा मध्य 16 मैल सरकला होता, डकोटाचा मात्र निम्म्या वाऱ्यानंच 23 मैल सरकला.

वारा बाजूनं आला तर काय होतं, हे पैनगंगेच्या पुरात नाव घालणारा कुणीही सांगेल: समोरच्या घाटाला लागायचं, तर नावेचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवावं लागतं. विमानाचं नाकही असंच वाऱ्याकडं वळलेलं असतं. किती अंश वळवायचं, हे काढायला विद्यार्थ्यांच्या हातात एक गोल साधन असतं. त्याला फ्लाइट कॉम्प्युटर म्हणतात, पण त्यात ना वीज ना बॅटरी. फिलिप डाल्टन या अमेरिकन नौदल अधिकाऱ्यानं 1930 च्या दशकात त्याला आजचं रूप दिलं. एका बाजूला एकमेकांवर फिरणाऱ्या दोन चकत्या, त्यांच्या कडेनं आकडे. त्या फिरवून वेळ, अंतर, इंधन काढायचं. दुसऱ्या बाजूला पारदर्शक गोल खिडकी आणि तिच्याखालून सरकणारी पट्टी, पट्टीवर पंख्यासारख्या पसरलेल्या रेघा. वाऱ्याची दिशा लावायची, खिडकीवर पेन्सिलीनं वाऱ्याच्या वेगाएवढ्या अंतरावर एक ठिपका द्यायचा, मग खिडकी आपल्या मार्गाकडे फिरवायची. ठिपका फिरत फिरत एका रेघेवर येतो. ती रेघ सांगते, विमान किती अंश वाहवत जाणार. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हे उत्तर क्षणात मिळतं. पण बोटांनी ठिपका फिरवताना वारा आपल्याला ढकलतोय हे डोळ्यांना दिसतं, आणि एकदा दिसलं की परीक्षेत ते सूत्र आठवत बसावं लागत नाही.

आता 35,000 फूट हा आकडा. मी तो इतका बिनधास्त वापरला, पण तो खरा नाही, आणि एटीपीएलच्या अभ्यासातला मला सर्वांत विलक्षण वाटलेला भाग हाच आहे. विमानातला उंचीमापक उंची मोजतच नाही. त्यात पातळ पत्र्याची बंद डबी असते. बाहेरचा दाब कमी झाला की ती फुगते, वाढला की आक्रसते. तिच्या हालचालीवरून काटा फुटांचे आकडे दाखवतो. दाब जाणवायला विमानात बसायचीही गरज नाही. पुष्कळ मोबाइलमध्ये आता दाबमापक असतो. लोणारच्या काठावर तो पाहा, मग पायवाटेनं कमळजा देवीच्या देवळापर्यंत उतरा. सुमारे 137 मीटर खाली आलात की दाब जवळजवळ 15 हेक्टोपास्कलनं वाढलेला दिसेल. उंचीमापकाला जग एवढंच कळतं.

दाबाचे फूट करताना तो एक ठरावीक, आदर्श हवा गृहीत धरतो. समुद्रसपाटीला 15 अंश तापमान, 1013.25 हेक्टोपास्कल दाब, आणि दर हजार फुटांना सुमारे दोन अंश थंडावा. आपली हवा या आदर्शात बसत नाही. ती गरम, म्हणून फुगलेली. त्यामुळे जुलैत लोणारवरून 35,000 फुटांवर जाणारं विमान प्रत्यक्षात जवळजवळ 37,000 फुटांवर असतं. दोन हजार फुटांची चूक! तरी कुणी घाबरत नाही, कारण उंचावरच्या सगळ्या विमानांनी उंचीमापक त्याच 1013.25 वर लावलेले असतात आणि सगळे सारखेच चुकतात. पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजारांवर, 33, 35, 37. पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर, 34, 36, 38. नागपूरहून येणारं आणि नागपूरला जाणारं विमान यांच्यात फक्त हजार फूट. 2003 पर्यंत भारतात 29,000 फुटांच्या वर हे अंतर दोन हजार ठेवावं लागे. उंचीमापक अचूक झाले आणि ते निम्म्यावर आलं. खरी उंची कुणालाच ठाऊक नसताना एकमेकांतलं अंतर इतकं नेमकं सांभाळता येतं, यातली हुशारी मनाला फार सुखावते.

गरम हवेची दुसरी बाजू मात्र काळजीची आहे. लोणार समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 फूट उंच. आदर्श हवेत तिथं साधारण 11 अंश तापमान हवं. मे महिन्यात पारा 42 वर गेला, म्हणजे 31 अंश जास्त. दर अंशामागं सुमारे 120 फूट हा अभ्यासातला ठोकताळा. एकतीस गुणिले एकशेवीस, त्यात 1,800 मिळवा: साधारण साडेपाच हजार फूट. पंखांना आणि इंजिनाला वाटतं की आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. कळसूबाईची उंची 1,646 मीटर, म्हणजे 5,400 फूट. मेच्या भर दुपारी लोणारच्या माळावरची हवा विमानासाठी, आदर्श हवेत कळसूबाईच्या शिखरावर असेल, तितकी विरळ असते. उड्डाणाला धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. गोंदियाजवळच्या बिरसीला किंवा बारामतीला शिकणारी मुलं उन्हाळ्यात पहाटे उडण्यासाठी धडपडतात, त्यामागं हेही एक कारण आहे.

उंचीचं जसं, तसंच दिशेचंही. विमान मुंबईहून कोलकात्याला सर्वांत जवळच्या वाटेनं, कुठंही न वळता गेलं, तर निघताना त्याची दिशा उत्तरेपासून सुमारे 73-74 अंश असते आणि पोचताना 79. वैमानिक वळला नाही, मग दिशा कशी बदलली? बदलली ती उत्तर. रेखावृत्तं ध्रुवाकडे एकमेकांजवळ येतात, त्यामुळे मुंबईची उत्तर आणि कोलकात्याची उत्तर समांतर नाहीत. दोन्हीतला फरक काढायला रेखांशांतलं अंतर घ्यायचं, 15.6 अंश, आणि त्याला मधल्या अक्षांशाच्या साइननं गुणायचं. साडेपाच अंश येतात. पृथ्वी गोल आहे हे आपण शाळेत पाठ करतो. या एका ओळीच्या गणितात तिची गोलाई हाताला लागते.

होकायंत्राची सुई तर आणखी हट्टी. पृथ्वीचं चुंबकत्व उत्तर गोलार्धात सुईचं उत्तर टोक जमिनीकडे ओढतं, म्हणून वळणावर होकायंत्र फसवतं. पूर्वेकडून उत्तरेला वळताना ते मागं रेंगाळतं, आणि वैमानिकाला ते उत्तर दाखवायच्या आधीच वळण सोडावं लागतं. केरळात थुंब्याजवळून चुंबकीय विषुववृत्त जातं. 1963 साली भारताचं पहिलं अग्निबाण उड्डाण तिथून झालं, ते याच कारणानं. तिथं सुई आडवी राहते आणि ही चूक जवळजवळ नाहीशी होते. लोणारला ती असते. लोणारला त्यात भर खडकाची. मोठ्या मारुतीच्या देवळाजवळ होकायंत्र भरकटतं असं गावात सांगतात. बसाल्टमध्ये लोहखनिज असतं, एवढं नक्की. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थंड होताना त्या काळच्या चुंबकीय उत्तरेची दिशा त्याच्या कणांत गोठून राहिली. दख्खनच्या मोठ्या भागात ही दिशा आजच्या साधारण उलट आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. वर उडणाऱ्या विमानाला या खडकाचा त्रास नाही. पण होकायंत्राचा धडा वाचायला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

रेडिओच्या पेपराबद्दल दोनच गोष्टी. विमानांचा व्हीएचएफ रेडिओ नजरेच्या टप्प्याएवढाच चालतो. उंचीच्या फुटांचं वर्गमूळ गुणिले 1.23, इतके मैल. 35,000 फुटांवर हा टप्पा सुमारे 230 मैल, म्हणजे लोणारवरच्या विमानाला मुंबई आणि नागपूर दोन्ही टप्प्यात. आणि अंतर दाखवणारं डीएमई हे यंत्र तिरकं अंतर मोजतं: जमिनीवरच्या केंद्राच्या बरोबर डोक्यावर आलात तरी ते शून्य दाखवत नाही, पावणेसहा मैल दाखवतं. ती तुमची उंची असते.

तयारी करणाऱ्यांचा दिवस मात्र बहुतेक वेळा प्रश्नसंचांत जातो. हवामानाला आय. सी. जोशींचं पुस्तक, नियमांना आर. के. बालींचं, मग हजारो प्रश्न, चार पर्याय, बरोबर उत्तरावर खूण. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलांवर वेळेचं केवढं दडपण असतं, हे मी समजू शकतो, आणि सरावाशिवाय 70 टक्के येत नाहीत हेही खरं. पण उत्तराच्या पर्यायाची जागा पाठ करणं हे मला मनापासून खटकतं. पर्याय परीक्षेनंतर विसरतो. जुलैत वरचा वारा पूर्वेचा का, हे एकदा समजलं तर ते जन्मभर टिकतं, आणि रात्री दोन वाजता वादळाला वळसा घालताना उपयोगी पडतं. पेपर इंग्रजीत असतो. विचार मराठीतून करायला कुणाचीच हरकत नाही.

म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीनं या अभ्यासाला हात घातला, तर तिनं पहिली गणितं आपल्याच गावाची करावीत. सुरुवात वेळेपासून. विमानसेवा जगभर एकाच घड्याळावर, यूटीसीवर चालते. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं, ती 82.5 अंश रेखांशावरून ठरवलेली. लोणार आहे साधारण 76.5 वर. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, म्हणजे सहा अंशांना 24. लोणारची सरासरी मध्यान्ह घड्याळात 12 वाजून 24 मिनिटांनी होते. हे पडताळायला अंगणात एक सरळ काठी रोवली की पुरे. सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते पाहायचं. एप्रिलच्या मध्याला उत्तर जुळेल. फेब्रुवारीच्या मध्याला ते 12:38 येईल आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:08. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढं-मागं होतो. या फरकालाही अभ्यासक्रमात नाव आहे, इक्वेशन ऑफ टाइम. आणि 20 मेच्या आसपास, 12:20 च्या सुमाराला, त्या काठीला सावलीच पडणार नाही, कारण लोणार वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्या दिवशी सूर्यही तिथंच पोचलेला असतो.